मूल झोपलंय, फाइल उघडली आहे: लहान मुलं सांभाळत फ्रीलान्स ग्राफिक डिझाइनमध्ये जम कसा बसवायचा

घरून डिझाइनचं काम सुरू करू पाहणारे आईबाबा मला पहिला प्रश्न विचारतात तो वेळेचा. रोज सलग चार तास कसे काढायचे? माझं उत्तर त्यांना आवडत नाही, पण अनुभवाचं आहे. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर सलग चार तास मिळत नाहीत. ते मिळतील या आशेवर काम घेतलं की रात्री जागून पूर्ण करावं लागतं, आणि जागरणावर चालवलेलं काम काही महिन्यांतच बंद पडतं. म्हणून वेळ मोठा करण्याच्या मागे न लागता कामच अशा मापाचं निवडायचं, अशा मापात कापायचं, की ते मिळालेल्या वेळात बसेल. पुढे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

पहिली पायरी: दोन आठवडे नुसतं लिहून ठेवा

काम शोधायच्या आधी एक वही घ्या. मूल झोपलं, आजीआजोबांकडे गेलं, जोडीदाराने घेतलं, एकटं खेळत बसलं की सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा. बाकी काही बदलू नका.

माझ्या वहीतले चार दिवस असे होते: सोमवारी 1.10 ते 2.25, मंगळवारी 12.50 ते 1.20, बुधवारी काहीच नाही, गुरुवारी 1.30 ते 3.15. सरासरी काढली तर रोजची 52 मिनिटं येतात. पण सरासरीवर विसंबायचं नाही, कारण डेडलाइन बुधवारची असेल तर बुधवारी हातात शून्य मिनिटं आहेत. दोन आठवड्यांतला जो आठवडा कमी भरला, तोच तुमचा खरा आठवडा समजा आणि त्यातल्या तासांवरच काम घ्या. चांगल्या आठवड्यात जास्तीचे तास मिळाले तर पुढचं काम उरकतं.

मूल वाढेल तसा वेळ आपोआप वाढेल असं वाटतं, पण मध्ये एक टप्पा उलटा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या शिफारशींनुसार 1 ते 2 वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप हवी, आणि 3 ते 4 वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास. ही घट बहुतेक दुपारच्या झोपेतून होते. आधी दोनाची एक झोप होते, मग वयाच्या तीन वर्षांपुढे कधीतरी तीही सुटते. दुपारच्या झोपेवर सगळा व्यवसाय उभा केला असेल तर त्या महिन्यात तो कोसळतो. म्हणून झोपेखेरीज आठवड्यातला निदान एक ठरलेला वेळ, ज्यात मूल दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल, तो सुरुवातीपासूनच हवा.

दुसरी पायरी: कामाचे तीन ढीग करा

डिझाइनचं सगळं काम एका जातीचं नसतं. मी तीन ढीग करते.

पहिला ढीग डोकं लागणाऱ्या कामाचा. लोगोची कल्पना, नव्या पुस्तिकेची ग्रिड (पानाची आखणी), रंगांची निवड, मुखपृष्ठ. याला किमान 45 मिनिटं शांतता लागते, कारण पहिली दहा-पंधरा मिनिटं तर विषयात शिरण्यातच जातात.

दुसरा ढीग हातकामाचा. फोटोचं कटआउट (मागची पार्श्वभूमी काढणं), ठरलेल्या ले-आउटमध्ये मजकूर ओतणं, एकाच पोस्टचे पाच आकार करणं, करेक्शन लावणं, फाइल एक्सपोर्ट करणं. वीस मिनिटांचा तुकडा पुरतो आणि मधूनच उठावं लागलं तरी फार बिघडत नाही.

तिसरा ढीग लॅपटॉपशिवायच्या कामाचा. क्लायंटला उत्तर, बिल पाठवणं, संदर्भचित्रं गोळा करणं, कागदावर पेन्सिलने रेखाटनं. मूल शेजारी वाळूत खेळत असताना मी लोगोची बरीच रेखाटनं वहीत केली आहेत, आणि स्क्रीनसमोर बसून केलेल्यांपेक्षा ती सरस निघाली.

चूक कुठे होते? मूल झोपल्या झोपल्या आपण मेल उघडतो. सव्वा तासातली चाळीस मिनिटं उत्तरं देण्यात जातात आणि लोगोला हात लावायची वेळ येते तेव्हा खोलीतून हाक येते. झोपेचा तास पहिल्या ढिगासाठीच राखून ठेवा. त्या वेळात भांडी नाहीत, कपड्यांच्या घड्याही नाहीत. ही कामं जागं मूल शेजारी असतानाही होतात, लोगो होत नाही.

याला जोडून एक सवय लावून घ्या. मी तिला परतीची चिठ्ठी म्हणते. फाइलच्या आर्टबोर्डबाहेर (डिझाइनच्या पानाबाहेरच्या रिकाम्या जागेत) एक पिवळा चौकोन ठेवायचा आणि उठताना, घाईत असलं तरी, त्यात पुढचं एक पाऊल लिहायचं. ‘पान 6 वरचा तक्ता दोन स्तंभांत बसव, मग मथळ्याचं वजन (अक्षरांचा जाडपणा) कमी कर.’ एवढंच. तीन तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की आपण कुठे होतो हे आठवत बसावं लागत नाही. सगळ्या पायऱ्यांमधली एकच पाळणार असाल तर ही पाळा. माझी रोजची पंधरा मिनिटं तरी यामुळे वाचतात.

तिसरी पायरी: कोणतं डिझाइन करायचं ते ठरवा

‘मी सगळं करते’ असं सांगणं मुलं लहान असताना परवडत नाही. आज संध्याकाळी कार्यक्रम आहे, दोन तासांत बॅनर हवा, अशी कामं मी सुरुवातीला घेतली. पैसे लगेच मिळत, पण नेमकं त्याच दिवशी मुलाला ताप येई. आता मी काम निवडताना तीन गोष्टी पाहते: ते पुन्हा पुन्हा येणारं आहे का, त्याची तारीख आधी कळते का, आणि एकदा बसवलेला साचा पुढे वापरता येतो का.

या तीन चाळण्यांतून जी कामं खाली उतरतात त्यांत मासिकं आणि वार्तापत्रं येतात, संस्थांचे वार्षिक अहवाल येतात, अभ्यासक्रमाचं साहित्य, पुस्तकांची आतली मांडणी, उत्पादनाच्या एकाच वेष्टनाचे वेगवेगळे प्रकार, महिन्याच्या सोशल मीडिया पोस्टचा संच ही कामंही येतात. पहिल्या अंकाला पंचवीस तास लागतात. मास्टर पेज (सगळ्या पानांचा साचा) आणि पॅराग्राफ स्टाइल (मजकुराची ठरवून ठेवलेली रूपं) नीट बांधल्या असतील तर चौथा अंक निम्म्या वेळात होतो. शिवाय त्यातलं बरंच काम दुसऱ्या ढिगातलं, म्हणजे तुकड्यांत होणारं.

लोगो आणि पूर्ण ब्रँड ओळखीचं काम जरूर घ्या, त्यात आनंद आहे आणि नावही होतं. पण एका वेळी एकच. आणि जिथे शंभर जण फुकट डिझाइन करतात आणि एकाला पैसे मिळतात, अशा स्पर्धांपासून लांब राहा. तुमचे तास मोजके आहेत, ते जुगारात लावू नका.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात: एक व्हेक्टरचं (कितीही मोठी केली तरी न फुटणारी रेषाचित्रं करायचं), एक फोटोचं, एक पानांच्या मांडणीचं, एवढं पुरे. ॲडोबीचं इलस्ट्रेटर, फोटोशॉप, इनडिझाइन छपाईच्या कामात सर्वाधिक चालतात. सुरुवातीला खर्च नको असेल तर इंकस्केप, गिंप आणि स्क्रायबस मोफत आहेत, आणि शिकलेलं काही वाया जात नाही. स्क्रीनसाठीची कामं करायची असतील तर फिग्मा शिका. देवनागरी मजकूर लावणार असाल तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) चालू करा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते. आणि मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही संगणकावर सारखा दिसणाऱ्या टायपिंगमध्ये) मागून घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर बदलून घेणं आणि मग पुन्हा तपासणं यात माझे कितीतरी तास गेले आहेत.

चौथी पायरी: सहा कामांचा पोर्टफोलिओ

तीस कामं नकोत, सहा ते आठ पुरेत, पण जे काम मिळवायचंय त्याच जातीची. अहवालांची मांडणी करायची असेल तर लग्नपत्रिका दाखवून उपयोग नाही.

क्लायंट नसताना कामं आणायची कुठून? रोजच्या वापरातली एखादी वाईट मांडलेली गोष्ट उचला: किचकट अर्ज, औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर, वाचता न येणारं वेळापत्रक. ती नव्याने करा आणि ‘स्वतःहून केलेला प्रकल्प’ असं स्पष्ट लिहा. प्रत्येक कामाखाली चार वाक्यं लिहा: अडचण काय होती, कोणासाठी होतं, मी काय बदललं, का बदललं. वाचनीयतेचा मुद्दा असेल तर आकड्यात सांगा. वेबवर साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान 4.5:1 असावा असा मान्य निकष आहे. ‘आधी तो पाळला नव्हता, आता पाळला आहे’ हे वाक्य क्लायंटला ‘रंग आकर्षक केले’ यापेक्षा जास्त पटतं.

बिहान्स या डिझाइनची कामं दाखवायच्या वेबसाइटवर मोफत पान करता येतं, ते पुरेसं आहे. स्वतःची वेबसाइट पहिल्या वर्षात नसली तरी अडत नाही.

मुलांसाठी थांबल्यामुळे पडलेल्या खंडाबद्दल खुलासे देऊ नका. ‘सध्या आठवड्याला 15 तास काम घेते’ इतकं सांगा. ही व्यवसायाची माहिती आहे, क्षमा मागण्यासारखं त्यात काही नाही.

पाचवी पायरी: पहिले तीन क्लायंट

फायव्हर, अपवर्कसारख्या फ्रीलान्स काम मिळवायच्या वेबसाइटवर खातं उघडायला हरकत नाही. फायव्हर प्रत्येक कामाच्या रकमेतून 20 टक्के कापून घेतं हे दर ठरवताना धरा. पण तिथे पटकन उत्तर देणाऱ्याला काम मिळतं, आणि मूल अंगावर असताना पटकन उत्तर देता येत नाही. माझे टिकलेले सगळे क्लायंट ओळखीच्या ओळखीतून आले: जुने सहकारी, एक छापखानेवाले, एक संपादक. छापखानेवाल्यांना जरूर भेटा. त्यांच्याकडे बिघडलेल्या फाइल घेऊन येणारे लोक रोज असतात आणि नीट फाइल देणारा डिझायनर त्यांना हवाच असतो.

निरोप लहान ठेवा. मी असा पाठवते: ‘नमस्कार, मी पुस्तिका आणि अहवालांची मांडणी करते. सोबत तीन नमुने जोडले आहेत. पुढच्या महिन्यात माझ्याकडे एका कामाला जागा आहे. तुमच्याकडे किंवा ओळखीत असं काम असेल तर कळवा.’ आठवड्याला पाच निरोप, ठरलेल्या दिवशी. दहा दिवसांनी एकदाच आठवण करायची, नंतर सोडून द्यायचं.

सहावी पायरी: दराचा हिशेब

इथे लोक स्वतःचं सर्वात जास्त नुकसान करून घेतात, म्हणून हिशेब मांडूनच दाखवते.

समजा आठवड्याला 15 तास मिळतात. वर्षाचे 52 आठवडे धरले तर 780 तास. बरेच जण वर्षाची गरज या आकड्याने भागतात आणि तासाचा दर काढतात. पण 15 पैकी सहा तास तरी निरोप, कोटेशन, बिलं, शिकणं आणि फाइल लावून ठेवणं यात जातात. त्यांचे पैसे कुणी देत नाही. राहिले 9. आजारपणं, सुट्ट्या, पाहुणे आणि कामाविना गेलेले आठवडे वजा केले की वर्षात 40 आठवडे हाती लागतात. म्हणजे 360 तास. वर्षाची गरज, अधिक सॉफ्टवेअर, इंटरनेट, कर आणि मूल सांभाळण्याचा खर्च, या सगळ्याला 360ने भागा. तो तुमचा दर. 780ने भागून काढलेला दर याच्या निम्म्याहूनही कमी असतो, आणि वर्षभर काम करूनही पैसे का उरत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

क्लायंटला मात्र तासाचा दर सांगू नका, कामाची रक्कम सांगा. तासावर पैसे घेतले तर हात बसत जाईल तशी तुमची कमाई घटत जाते. आपले तास वहीत लिहा, म्हणजे पुढच्या कोटेशनला आधार राहील. माझा पहिला अंदाज जवळजवळ नेहमीच दीडपट चुकतो, म्हणून मी तो दीडने गुणूनच पाठवते.

सातवी पायरी: ठरलेलं लिहून घ्या

मोठा करारनामा नसला तरी मेलवर या गोष्टी हव्यातच: काय काय देणार, किती पानं किंवा आकार, करेक्शनच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळे पैसे, निम्मी रक्कम अ‍ॅडव्हान्स, ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) रकमेत आहे की नाही, वापराचे हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर. करेक्शन एकाच माणसाकडून, एकत्र, एकाच फाइलवर यावीत असंही लिहा. दिवसभर एकेक करून येणारे व्हॉइस मेसेज मुलासोबत असताना ऐकणं आणि लक्षात ठेवणं जमत नाही, आणि त्यातलं एक हमखास निसटतं.

मुदत दिवसांत सांगताना पुढची काळजी घ्या. काम 12 तासांचं असेल आणि आठवड्याला पैसे मिळणारे 9 तास असतील तर ते दीड आठवड्याचं नाही. दुसरं काम चालू आहे, एक दिवस मूल आजारी पडणार आहे. मी तीन आठवडे सांगते आणि बहुतेक वेळा अडीच आठवड्यांत देते. आजपर्यंत तीन आठवड्यांना नकार देणारे क्लायंट थोडे भेटले. शेवटच्या दिवशी तारीख पुढे ढकलल्यावर मात्र एक कायमचा तुटला.

आठवी पायरी: फाइल मुलापासून आणि घाईपासून वाचवा

धाकटा दीड वर्षाचा होता. एका पत्रकाची फाइल तयार होती, फोन नंबरची ओळ निवडलेली होती आणि मी दार उघडायला उठले. परत आले तर तो खुर्चीत उभा राहून कीबोर्डवर दोन्ही हात आपटत होता. मी त्याला उचललं, स्क्रीन पाहिली, सगळं जागच्या जागी वाटलं. सेव्ह केलं, पीडीएफ काढली, पाठवली. बाणाची कळ दाबली जाऊन ती ओळ काही मिलिमीटर खाली गेली होती. हजार पत्रकं छापून कापली गेली तेव्हा प्रत्येक पत्रकावर फोन नंबरचे आकडे खालून अर्धे कापलेले होते. फेरछपाईचा खर्च मी दिला.

तेव्हापासूनचे माझे नियम: खुर्चीतून उठताना स्क्रीन लॉक, विंडोजवर विंडोज-की आणि एल, मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू. पूर्ण झालेले लेयरही (फाइलमधले थर) लॉक. प्रत्येक बैठकीला फाइलची नवी प्रत, नावात तारीख आणि क्रमांक, ‘फायनल’ हा शब्द नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक घराबाहेर म्हणजे क्लाउडवर. आणि छपाईची फाइल केली त्याच बैठकीत कधीच पाठवायची नाही. पुढच्या बैठकीत ताज्या डोळ्यांनी पीडीएफ उघडून पाहायची: चारही बाजूंना 3 मिलिमीटर ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) आहे का, मजकूर कापाच्या रेषेपासून निदान 5 मिलिमीटर आत आहे का, फोटो छापण्याच्या आकाराला 300 पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) आहेत का, रंग सीएमवायके (छपाईचे चार रंग) आहेत का, बारीक काळा मजकूर चार रंगांत न येता नुसत्या काळ्यात आहे का, फाँट एम्बेड झालेत का (पीडीएफमध्येच जोडले गेलेत का). फोन नंबर आणि तारखा मोठ्याने वाचून मूळ मजकुराशी ताडून पाहायच्या. ही यादी मी छापून भिंतीला लावली आहे, मुलाचा हात पोचणार नाही इतकी उंच.

नववी पायरी: घरातली वाटणी

‘वेळ मिळेल तसं बघतो’ हे जोडीदाराचं आश्वासन मनापासूनचं असलं तरी त्यावर डेडलाइन देता येत नाही. वार आणि वेळ ठरवा: मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळी 6 ते 8, शनिवारी सकाळी 9 ते 12. त्या वेळात मुलाचं खाणं, शी-शू, रडणं सगळं त्यांच्याकडे, आणि तुम्ही शक्यतो घराबाहेर किंवा दार बंद करून. आई घरात दिसली की मूल आईकडेच येतं. घरात दुसरं माणूस नसेल तर तुमच्यासारख्याच एखाद्या पालकाशी अदलाबदल करा: एक दिवस दोन्ही मुलं तुमच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे. पैसे देऊन सांभाळणारी व्यक्ती किंवा पाळणाघर घ्यायचं असेल तर पहिल्या महिन्याच्या कमाईशी तुलना करू नका. त्या तासांत कोणतं काम घेता येईल आणि त्याची रक्कम किती, त्याच्याशी करा.

क्लायंटचे फोन फक्त या ठरलेल्या वेळात. मधे कुणी अचानक फोन केला तर ‘आत्ता मुलासोबत आहे, सहा वाजता करते’ असं सरळ सांगा आणि सहाला कराच. वेळ पाळली की कारण कुणी काढत बसत नाही.

कामासाठी मुलाला मोबाइल देण्याचा मोह होतो, मलाही झाला. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नकोच म्हणते आणि 2 ते 4 वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. तो तास रोजच्या सवयीत खर्चू नका, अडीनडीच्या दिवसासाठी ठेवा. रोजच्यासाठी माझ्याकडे एक खोकं आहे, जे मी कामाला बसतानाच निघतं: वाया गेलेले प्रिंट, जाड खडू, रंगांच्या जुन्या नमुन्यांच्या पट्ट्या. एरवी ते वर कपाटात असतं, म्हणून त्याचं अप्रूप टिकतं. तीन वर्षांच्या मुलीची त्यात पंचवीस मिनिटं तरी जातात, म्हणजे दुसऱ्या ढिगातला एक तुकडा.

दहावी पायरी: वर्षभरानंतर

पहिल्या वर्षाच्या शेवटी वही उघडून प्रत्येक क्लायंटसमोर दोन आकडे लिहा: मिळालेले पैसे आणि गेलेले एकूण तास, निरोपांसकट. भागाकार केलात की धक्का बसेल. माझ्या यादीत सर्वात गोड बोलणारे क्लायंट तळाला होते. तळातल्यांना पुढच्या कामाला नवा दर सांगा. गेले तर ते तास रिकामे होतात. वरच्या दोघांना महिन्याला ठरावीक काम, ठरावीक रक्कम, असं विचारून बघा. असे दोन क्लायंट मिळाले की दर आठवड्याचे निरोप कमी करता येतात.

मूल बालवाडीत जाऊ लागतं तेव्हा रोजचे तीन तास हातात आल्यासारखे वाटतात आणि लगेच मोठं काम घ्यावंसं वाटतं. पहिले तीन महिने थांबा. नव्या मुलांमध्ये मिसळल्यावर सर्दी-ताप वारंवार होतात आणि ठरलेल्या दिवसांपैकी बरेच दिवस मूल घरीच असतं. या काळात पुन्हा दोन आठवडे वहीत वेळा लिहा, आणि तो आकडा पाहून मगच नव्या कामाला होकार द्या.